मोर्यांच्या डोंगरावरील नगारा

(मठाच्या वर्धापन महोत्सवात दिलेले व्याख्यान)



मठाच्या महोत्सवात व्याख्यान म्हटले की विषय देवाचा, धर्माचा किंवा गुरुपरंपरेचा असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. आज मात्र मी आपणांपुढे एका दगडाविषयी बोलणार आहे. ज्या वास्तूचा उंबरठा दगडाचा, दीपमाळ दगडाची आणि ज्या समाधीपुढे आपण मस्तक नमवितो तीही दगडाचीच, त्या वास्तूच्या अंगणात दगडाची कथा परकी ठरू नये. शिवाय ह्या दगडाचे नावच ‘नगारा’ आहे. नगारा आणि मठ यांचे नाते काय असते, ते आपणांस मी काय सांगावे?

ह्या सभेत मराठी बोलणारे आहेत तसेच कन्नड बोलणारेही आहेत; किंबहुना पुष्कळांच्या घरी ह्या दोन्ही भाषा एकाच चुलीपाशी बसतात. म्हणून कन्नड नावे मी जशीच्या तशी ठेवीत आहे. त्यांचा अर्थ लावणे हा ह्या कथेचाच एक भाग आहे.

हे स्थळ तुंगभद्रेच्या उत्तरेस, कोप्पळ जिल्ह्याच्या गंगावती तालुक्यात आहे. गंगावतीच्या पश्चिमेस काही कोसांवर हिरे बेनकल नावाचे गाव लागते. ‘हिरे’ म्हणजे थोरले. आपल्याकडे एकाच नावाच्या दोन गावांपैकी एक बुद्रुक आणि एक खुर्द असते, तसाच हा प्रकार. हा सारा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, पुढे रायचूर जिल्ह्यात राहिला आणि १९९७ मध्ये कोप्पळचा स्वतंत्र जिल्हा झाला. गावाबाहेर ग्रॅनाइटच्या टेकड्यांची रांग आहे. काटेरी झुडपांतून आणि धोंड्यांमधून चढत गेल्यावर माथ्यावर जे दिसते, ते पाहून नवखा मनुष्य थक्क होतो. दगडी खोल्यांची एक वस्तीच तेथे पसरलेली आहे.

खोली म्हणजे काय, तर तीन किंवा चार बाजूंस उभ्या केलेल्या प्रचंड शिळा आणि त्यांवर छपरासारखी ठेवलेली एक आडवी शिळा. काही खोल्या माणसाहून उंच, काही गुडघ्याएवढ्या. पुष्कळांच्या एका शिळेत वाटोळे भोक कोरलेले आहे. त्यातून मूल आत शिरेल, धडधाकट माणसाला मात्र अंग चोरावे लागेल. अशी लहानमोठी सुमारे ४०० बांधकामे ह्या डोंगरावर मोजली गेली आहेत. त्यांच्यालगत, कातळाच्या खळग्यात, पाण्याचे एक तळे आहे. त्या तळ्याकडे मी पुन्हा येणार आहे. ते आपल्या कथेतील मुख्य साक्षीदारांपैकी एक आहे.

ह्या सर्वांवर नजर ठेवून असावा तसा एका उंच खडकावर एक अर्धगोल धोंडा बसलेला आहे. त्याचा व्यास सुमारे दोन मीटर आणि उंची सुमारे दीड मीटर. ज्या खडकावर तो बसला आहे, तो स्वतःच सुमारे दहा मीटर उंच. लोक ह्याला ‘नगारी गुंडु’ म्हणतात. ‘गुंडु’ म्हणजे वाटोळा धोंडा. ह्या धोंड्यावर लाकडी मोगरीने किंवा दगडाने आघात केला असता भांड्यासारखा नाद उमटतो आणि तो एक किलोमीटरहूनही दूर ऐकू जातो. जमिनीत रुतलेल्या किंवा खालच्या खडकाशी सर्वांगाने चिकटलेल्या दगडावर मारले तर ‘ठप्प’ असा मुका आवाज येतो. कारण आघाताचे कंपन आजूबाजूला जिरून जाते. परंतु दगड अखंड असेल, त्याला अंतर्गत भेग नसेल आणि तो थोड्याच जागी टेकलेला असेल, तर कंपन त्याच्याच अंगात फिरते आणि तो वाजतो. घंटा हाताने घट्ट धरून वाजविली तर मुकी होते आणि टांगून वाजविली तर गाते, त्यातलाच हा प्रकार.

आता लोककथा ऐकू. ह्या डोंगराला भोवतालचे लोक ‘मोर्येर गुड्ड’, म्हणजे मोर्यांचा डोंगर, असे म्हणतात आणि खोल्यांना ‘मोर्येर मने’, म्हणजे मोर्यांची घरे. हे मोर्य कोण? तर फार पूर्वी ह्या प्रदेशात राहणारी एक बुटक्या माणसांची जात. अंगाने लहान, पण बळाने अचाट. त्यांनीच ह्या शिळा उचलल्या, त्यांनीच ही घरे उभारली, आणि एके काळी ती सर्व जात नाहीशी झाली. ही कथा एकट्या हिरे बेनकलची नाही. सुरपूरच्या संस्थानात अनेक वर्षे कारभार पाहिलेले मेडोज टेलर यांनी १९ व्या शतकात त्या भागातील अशाच दगडी खोल्यांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांनाही लोकांनी मोर्यांच्या ठेंगण्या, बलाढ्य जातीचीच कथा सांगितली होती.

अशी कथा ऐकली की सुशिक्षित मनुष्य हसतो आणि भाविक मनुष्य मान डोलावतो. माझे म्हणणे असे की, दोघेही घाई करतात. ज्या कोणी ही कथा प्रथम रचली, त्याने आधी दगड नीट पाहिला होता. त्याने पाहिले की खोल्या लहान आहेत, त्यांची दारे म्हणजे ती वाटोळी भोके फारच लहान आहेत. म्हणून राहणारा बुटका असला पाहिजे. त्याने हेही पाहिले की शिळा मात्र प्रचंड आहेत; म्हणून उचलणारा बलाढ्य असला पाहिजे. ह्या दोन निरीक्षणांची सांगड घालून त्याने बुटका पण बलाढ्य मोर्य निर्माण केला. निष्कर्ष कसाही असो, निरीक्षण अचूक आहे. पुराणवस्तुसंशोधकाचे कामही येथूनच सुरू होते.

‘मोर्य’ ह्या शब्दाकडेही जरा पाहिले पाहिजे. तो शब्द ऐकताच सम्राट अशोकाच्या मौर्य घराण्याची आठवण होते, आणि ह्या प्रदेशात ती अगदीच निराधार नाही. ह्याच जिल्ह्यात, कोप्पळ शहरालगतच्या गवीमठाच्या टेकडीवर आणि जवळच्या पालकीगुंडु नावाच्या डोंगरावर अशोकाचे लघुशिलालेख आहेत. पालकीगुंडु हाही एक दुरून ओळखू येणारा धोंडाच. दोन खडकांवर छत्रासारखी आडवी शिळा टेकलेली, म्हणून त्याला पालखीचे नाव मिळाले. शेजारच्या रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे १९१५ मध्ये जो लेख सापडला, त्यात तर ‘देवानां प्रिय’ ह्या बिरुदाबरोबर अशोकाचे नावही कोरलेले आहे. तेव्हा ह्या भूमीवर मौर्यांची सत्ता खरोखरच पोचली होती. परंतु नावाच्या साम्यावर इतिहासाची इमारत उभी करू नये. ह्या खोल्यांपैकी पुष्कळ अशोकाच्या आधीच उभ्या राहिलेल्या आहेत. एवढे मात्र म्हणता येईल की, अति प्राचीनाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा लोकांच्या ओठांवर ‘मोर्य’ हा शब्द आला. महाराष्ट्रात तशाच वेळी ‘पांडव’ हा शब्द येतो.

विद्वानांचे मत काय आहे, ते थोडक्यात सांगतो. दक्षिण भारतात लोखंडाचा वापर सुरू झाल्यानंतर मृतांच्या स्मरणार्थ मोठमोठ्या शिळांची रचना करण्याची चाल सर्वत्र पसरली. तिला महापाषाण संस्कृती म्हणतात. नागपूरजवळ जुनापाणी येथे जी शिलावर्तुळे आहेत, तीही ह्याच संस्कृतीची. हिरे बेनकलची बांधकामे सामान्यतः इसवी सनापूर्वी ८०० ते २०० ह्या काळातील मानली जातात. म्हणजे ही जिवंत माणसांची घरे नव्हेत. मेलेल्यांची स्मारके आहेत. पण मग ‘मने’, म्हणजे घर, हा लोकांचा शब्द चुकला का? ज्यांनी ही उभारली त्यांनी चार भिंती, छप्पर आणि आत जाण्यास एक वाट असा घराचाच आकार पत्करला. गेलेल्या माणसाला राहावयास जागा हवी, ही त्यांची भावना असणार. आपणही संन्याशाच्या समाधीवर वास्तू बांधतोच ना? लोकांनी त्या दगडांना घर म्हटले, ते एका अर्थाने बांधणाऱ्याच्या मनातलेच म्हटले.

आता दुसऱ्या साक्षीकडे वळू. ती दगडाच्या अंगावर आहे. मघाशी ज्या तळ्याचा उल्लेख केला, ते मुळात एक खाण आहे. ह्या खोल्यांच्या शिळा जेथून काढल्या, तोच खळगा पुढे पाण्याने भरला. इतक्या थोर बांधकामाला दगड कोठून आला, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या बांधकामाच्याच पायाशी आहे. ग्रॅनाइटचा उघडा कातळ उन्हाने तापतो, रात्री निवतो, आणि सहस्रावधी वर्षांनी त्याला कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटू लागतात. ह्या थरांची जाडी आणि खोल्यांच्या शिळांची जाडी यांचा मेळ बसतो. म्हणजे त्या काळच्या कारागिराने डोंगर फोडला नाही. डोंगर स्वतः जेथे सुटू पाहत होता ती जागा त्याने हेरली, त्या थराखाली पहार किंवा लाकडी तरफ घातली आणि शिळा मोकळी केली. तिच्या कडा ठोकून ठोकून ओबडधोबड सरळ केल्या. शिळेचे तोंड तासून गुळगुळीत करण्याचा खटाटोप त्याने केला नाही. जो खटाटोप केला तो एकाच ठिकाणी, त्या वाटोळ्या भोकात. तेथे मात्र हात थांबला, दगड दिवसेंदिवस खरडला गेला.

बळाचा हिशेब करून पाहू. समजा, छपराची एक शिळा तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर जाड आहे. तिचे घनफळ दीड घनमीटर होते. ग्रॅनाइटचा एक घनमीटर सुमारे २७०० किलोग्रॅम भरतो. तेव्हा ही शिळा चार टनांची झाली. एका माणसाला ती हलणार नाही, मग तो बुटका असो वा धिप्पाड. परंतु चाळीस माणसे, काही ओंडके, दोर, तरफा आणि उतरत्या मातीची एक चढण एवढी सामग्री असेल तर ती हलते. लोककथेने ज्याला एका मोर्याचे अचाट बळ म्हटले, ते चाळीस सामान्य माणसांचे एकत्र आलेले बळ होय. त्यांना एका वेळी श्वास घ्यावा लागला असेल, एका वेळी ओढावे लागले असेल, कोणीतरी ताल धरावा लागला असेल. गावचा रथ ओढताना आपण जे करतो तेच.

दगड काढण्याच्या ह्या विद्येत विस्तवाचाही भाग मोठा होता. बंगळूर परिसरातील खाणकामगार जळत्या लाकडांची एक अरुंद ओळ सपाट कातळावरून हळूहळू पुढे सरकवीत आणि तापून फुगलेला वरचा थर खालच्या खडकापासून सोडवीत, असे वर्णन १८९५ मध्ये छापले गेले आहे. थर सुटला की नाही, हे त्यांना कसे कळे? ते हातोड्याने ठोकून पाहत आणि कान देत. सुटलेल्या थराचा आवाज वेगळा, न सुटलेल्याचा वेगळा.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दगड काढणाऱ्याचे अर्धे ज्ञान त्याच्या कानात असते. आजही वडार समाजाचा जाणता कारागीर धोंड्यावर घण घालण्यापूर्वी त्याला ठोकून ऐकतो. आवाज खणखणीत असेल तर दगड निकोप, बद्द असेल तर आत भेग. आता विचार करा. हिरे बेनकलच्या माथ्यावर पिढ्यानुपिढ्या शिळा काढण्याचे काम चालले होते. ज्यांचा दिवस दगडावर दगड मारण्यात जात होता, त्या लोकांखेरीज तो उंचावरचा धोंडा वाजतो हे प्रथम कोणाला कळणार? माझे अनुमान असे की, नगारा आणि खाण ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. ज्या कानांनी शिळा निवडल्या, त्याच कानांनी नगारा शोधला. लोककथेने नगाऱ्याची आठवण ठेवली आणि खाण विसरली. पण खाण नसती तर नगाऱ्याला कोणी वाजविले नसते.

वाजणाऱ्या दगडांची ओढ ह्या प्रदेशात आणखी जुनी आहे. बळ्ळारीजवळ कुपगल येथे काळ्या दगडाच्या टेकडीवर असे खडक आहेत की, त्यांवर आघात केला असता गंभीर घंटानाद होतो. त्या खडकांवर नवाश्मयुगीन गुरांची आणि माणसांची चित्रे ठोकून काढलेली आहेत आणि पिढ्यांच्या आघातांनी गुळगुळीत झालेले खळगेही आहेत. १८९२ मध्ये फॉसेट यांनी ह्या जागेचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे ती संशोधकांच्या विस्मरणात गेली आणि २००४ मध्ये निकोल बॉयव्हिन यांच्या लेखामुळे पुन्हा जगापुढे आली. त्याच वेळी हेही नोंदले गेले की, आधुनिक खाणकाम त्या टेकडीला कुरतडीत आहे. पाच हजार वर्षांकडे झुकणारी परंपरा असलेला दगड रस्त्याच्या खडीत जावा, याहून मोठा अनर्थ कोणता?

आता तुंगभद्रा ओलांडून दक्षिण तीरावर जाऊ. कारण दगड काढण्याच्या विद्येत दोन सहस्र वर्षांत काय फरक पडला, ते तेथे दिसते. हंपीला आपल्यापैकी पुष्कळ जण जाऊन आले असतील. मराठी माणसाला हंपीचे नाव प्रथम कीर्तनात ऐकू येते. विजयनगरास नेलेला विठ्ठल नाथांचे पणजोबा भानुदास यांनी पंढरीस परत आणला, ही ती कथा. तेथील विठ्ठलमंदिराकडे जाताना वाटेतल्या धोंड्यांकडे पाहा. पुष्कळांच्या अंगावर, दोरी धरून आखावी तशी, लहान लांबट चौकोनी खाचांची ओळ आहे. काही धोंडे त्या ओळीवर नेमके दुभंगलेले, त्यांची कडा अर्ध्या खाचांमुळे दातेरी झालेली. काहींवर ओळ कोरलेली आहे, पण धोंडा दुभंगलेला नाही. कोणीतरी सकाळी खाचा कोरल्या आणि संध्याकाळी काम थांबले. ते आजतागायत थांबलेले आहे.

ह्या खाचांविषयी वाटाडे सांगतात की, त्यांत सुके लाकूड ठोकीत, त्यावर पाणी ओतीत आणि लाकूड फुगून दगड फुटे. ही गोष्ट इतक्या वेळा छापली गेली आहे की ती आता सुशिक्षितांची लोककथा झाली आहे. लाकूड फुगते हे खरे, आणि त्याचा जोरही मोठा असतो. परंतु अशा लहान खाचेत लोखंडी पाचर ठोकून ग्रॅनाइट फोडण्याचे काम वडार कारागीर आपल्या डोळ्यांदेखत करतात. ओळीतल्या प्रत्येक पाचरीवर आलटून पालटून घाव घालीत जायचे. पाचर आवळत जाते तसा घावाचा स्वर चढत जातो, आणि मग एकाएकी तो उतरतो. दगड फुटला. येथेही कानच! मला वाटते, चमत्काराची गोष्ट सांगण्याच्या भरात आपण पुन्हा एकदा कारागिराचा हात आणि कान विसरतो. मोर्यांच्या कथेत त्याची जागा बुटक्याने घेतली. ह्या कथेत ती पाण्याने घेतली.

विजयनगरचा कारागीर निरक्षर राबणारा होता, असेही समजू नये. राजवाड्याच्या परिसरात १९८० नंतरच्या दशकात जी काळ्या दगडाची पायऱ्यांची पुष्करिणी उत्खननात निघाली, तिच्या दगडांवर बारीक अक्षरे आणि खुणा आहेत. कोणता दगड कोणत्या दिशेच्या, कोणत्या ओळीत बसवावयाचा, ते त्यांत सांगितले आहे. राजांची दानपत्रे संस्कृत श्लोकांत आहेत. कारागिरांचे वाङ्मय एवढेच, एकेका दगडावर एकेक खूण.

ह्या संदर्भात गोमंतकाशी संबंध असलेली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. कृष्णदेवरायाने एक मोठे तळे बांधण्याचे योजिले. नुनिझ ह्या पोर्तुगीज प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, त्या कामी राजाने गोव्याच्या गव्हर्नराकडून जुआंव दे ला पोंते नावाचा पाथरवट मागविला होता. त्या पाथरवटाने चुना सिद्ध करावयास सांगितले, तेव्हा राजा हसला. कारण त्या देशी चुन्याविना दगड रचण्याची रीत होती. दरीत प्रचंड शिळा लोटल्या गेल्या, पण काम टिकेना. १५२० च्या सुमारास विजयनगर पाहिलेल्या पायेसाने त्या कामावर पंधरा-वीस हजार माणसे मुंग्यांसारखी राबताना पाहिली. पुढची हकीकत दोघेही सांगतात आणि ती ऐकवत नाही: बांध पुन:पुन्हा फुटला, म्हणून देवीला रक्त हवे असा कौल निघाला आणि माणसांचे बळी दिले गेले. कन्नड मुलुखात ‘केरेगे हार’ नावाचे लोकगीत प्रसिद्ध आहे. तळ्याला पाणी लागावे म्हणून घरची सून भागीरथी हिचा बळी दिल्याची ती कथा. आपल्या आयाबहिणी ते गीत ऐकून डोळे पुसतात. त्या अश्रूंमागे केवळ कल्पना नाही, एवढे ह्या दोन परदेशी साक्षींवरून दिसते. मोठ्या दगडी कामाखाली कोणाचे तरी आयुष्य गाडलेले असते, ही जाण लोकवाङ्मयाने राजांच्या प्रशस्तीपेक्षा अधिक प्रामाणिकपणे सांभाळली आहे.

लोककथा कोठे खरी असते आणि कोठे वळण घेते, याचे आणखी एक सुरेख उदाहरण हंपीजवळच निंबापूर येथे आहे. तेथे राखेसारख्या द्रव्याचा एक मोठा ढिगारा आहे. लोक सांगतात, ही वालीची चिता. किष्किंधेच्या भूमीत दुसरे काय सांगणार! संशोधकांनी तपासले, तेव्हा असे ढिगारे नवाश्मयुगीन गुराख्यांनी साठविलेले शेण जळून झालेले आहेत, असे दिसून आले. ऑल्चिन यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात ह्या राखेच्या टेकड्यांचा ऊहापोह केला आहे. पाहा, लोकांनी ढिगाऱ्याला माती म्हटले नाही, चुना म्हटले नाही, राख म्हटले. येथे फार पुरातन काळी मोठा अग्नी पेटला होता, हे त्यांना बरोबर कळले होते. फक्त तो कोणी पेटविला, ते नाव पालटले.

आपल्याकडेही नाशिकच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात आणि कोठे काम अर्धवट दिसले की, पांडव एका रात्रीत कोरीत होते, कोंबडा आरवला म्हणून ते उठून गेले, असे सांगतात. वस्तुतः नाशिकच्या भिंतींवर सातवाहनांचे आणि क्षत्रपांचे लेख आहेत. परंतु काम अर्धे राहिले आहे, ते एकाएकी थांबले आहे, हे कथाकाराने पाहिले होते. छिन्नीची खूण पाहिल्यावाचून कोंबडा आरवत नाही.

तात्पर्य असे की, कथा आणि छिन्नीची खूण ह्या एकाच घटनेच्या दोन साक्षी आहेत. खूण सांगते, हे कसे झाले. कथा सांगते, ते पाहून माणसाला काय वाटले. केवळ कथा घेतली तर राबणारी माणसे नाहीशी होतात. केवळ खूण घेतली तर डोंगर मुका होतो.

सज्जनहो, हा विषय केवळ पंडितांच्या चर्चेचा असता, तर महोत्सवात आपला वेळ मी घेतला नसता. काळजी करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. मोर्यांच्या कथेने ह्या डोंगराचे शतकानुशतके रक्षण केले. मोर्यांच्या घराला हात लावू नये, तेथील दगड घरी आणू नये, ही भीड लोकांच्या मनात होती. म्हणूनच शेजारी गावे वसली, देवळे उठली, तरी एवढ्या तयार शिळा जागच्या जागी राहिल्या. आता ती भीड सरली आहे, पण तिच्या जागी ज्ञान आलेले नाही. आली आहे ती दुसरी एक कथा, निधीची. जुन्या दगडाखाली सोने असते, ह्या एका वेडापायी किती खोल्या उकरल्या आणि पाडल्या गेल्या!

हे वेड कोठवर जाते, ते आपण सर्वांनी २०१९ च्या जुलै महिन्यात पाहिले. आनेगुंदीजवळ तुंगभद्रेच्या बेटावर नवबृंदावन आहे. तेथील श्रीव्यासराजतीर्थांचे बृंदावन निधीच्या लोभाने रात्रीच्या वेळी उद्ध्वस्त करण्यात आले. भक्तांनी आणि मठाधिपतींनी ते थोड्याच दिवसांत पुन्हा उभारले. एका यतीच्या समाधीमागे उभे राहणारे शिष्य होते, म्हणून ते घडले. हिरे बेनकलच्या त्या घरांत ज्यांचे स्मरण ठेवले होते, त्यांचे शिष्य कोण? त्यांची नावे गेली, भाषा गेली, वंश कोणात मिसळला ते कळण्याचा मार्ग नाही. त्यांच्या समाधीमागे आपणच उभे राहिले पाहिजे.

शासनाने काही केले नाही, असे नाही. २०२१ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंदविले गेले. पण यादीने डोंगर राखला जात नाही. तो पायथ्याच्या गावांनी राखला जातो, आणि गावे त्याच वस्तूला राखतात जिची कथा त्यांना ठाऊक असते. म्हणून माझी सूचना साधी आहे. जुनी कथा पुसू नये. तिला दुसरी जोड द्यावी. आजीने नातवाला मोर्यांची गोष्ट जरूर सांगावी, आणि शेवटी एवढे जोडावे की, ते मोर्य म्हणजे तुझ्यामाझ्यासारखी माणसे होती. चाळीस जण एका तालात ओढीत आणि मग शिळा हले. सोने त्यांनी पुरले नाही, आपली माणसे पुरली.

हे काम शाळेइतकेच मठाचेही आहे. मठात पुराण सांगितले जाते, आणि पुराण सांगणाऱ्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. यात्रेकरू जेव्हा किष्किंधेच्या वाटेने जातील, तेव्हा अंजनाद्री आणि ऋष्यमूक दाखविणाऱ्याने वाटेतल्या एखाद्या खाचा पडलेल्या धोंड्यापाशीही क्षणभर थांबावे. देवाची मूर्ती ज्या शिळेतून आली, ती शिळा अशी काढली जाते, हे दाखवावे. मूर्तीपुढे हात जोडणे हा धर्म आहेच. ज्याने ती शिळा डोंगरातून सोडविली त्याची आठवण ठेवणे ही कृतज्ञता आहे, आणि कृतज्ञतेवाचून धर्म पुरा होत नाही. आपल्याच मठाच्या भिंतीजवळ जाऊन हात फिरवून पाहा. टाकीचे व्रण बोटांना लागतील. त्या प्रत्येक व्रणामागे एक घाव आहे, आणि त्या घावाकडे लागलेला एक कान.

नगारा कशासाठी वाजवितात? झोपलेल्याला उठविण्यासाठी, विखुरलेल्याला एकत्र बोलाविण्यासाठी. मोर्यांच्या डोंगरावरील तो नगारा अद्याप वाजतो. त्याच्या हाकेला ओ देण्याची बुद्धी आपणां सर्वांस होवो, एवढी प्रार्थना श्रीचरणी करतो.